एकच पर्याय निवडा

(वेरूळ येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मंगळवार, लेणी बंद. म्हणजे तुमच्यापैकी कुणी मधेच उठून कैलास बघायला जाणार नाही, हे संयोजकांनी बरोबर हेरलेलं दिसतंय.

मला विषय दिलाय ‘आजचे चित्रकार आणि ओळख’. मी चित्रकार नाही, समीक्षकही नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. त्यातला बराच काळ फॉर्म बनवण्यात गेला. बँकेचे, विम्याचे, कॉलेज प्रवेशाचे. तेव्हा सुरुवात मला येतं तिथूनच करतो.

फॉर्मवर दोन प्रकारची बटणं असतात. चौकोनी असेल तर त्याला चेकबॉक्स म्हणतात, हव्या तितक्या खुणा करा. गोल असेल तर रेडिओ बटण, त्यात एकच निवडता येतं. दुसऱ्यावर बोट ठेवलं की पहिलं आपोआप पुसलं जातं. धर्म, मातृभाषा, मूळ गाव, या सगळ्यांना आम्ही गोल बटण लावतो. एकदा मातृभाषेच्या रकान्याशी मी बराच वेळ बसलो होतो. आमच्या घरात दखनी बोलतात. मी शिकलो मराठी शाळेत. कुरआन अरबीत वाचला, अब्बांच्या जुन्या चिठ्ठ्या उर्दूत आहेत आणि पगार इंग्रजीत बोलल्याबद्दल मिळतो. बटण मात्र गोल.

हे फक्त कागदावर असतं तर चाललं असतं. पुण्यात भाड्यानं घर शोधताना एजंटाला फोनवर सगळं आवडतं, पगार आवडतो, कंपनी आवडते, आणि नाव सांगितलं की फ्लॅट ‘आत्ताच गेला’. तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी हे ऐकलंय. आणि सुट्टीला घरी आलं की दुसऱ्या बाजूनं चौकशी सुरू होते. दाढी का नाही, गणपतीत मित्राकडे जेवलास का, पोस्टवर तसं का लिहिलंस. विचारणारे वेगळे, एक परका आणि एक आपला, पण दोघांच्या हातात फॉर्म तोच आहे. तू नक्की कोण, एकच पर्याय निवड.

चित्रकारांकडे मी वळलो ते यामुळे. सौंदर्यदृष्टी वगैरे नंतर आली, किंवा अजून यायची आहे. मला बघायचं होतं की ज्यांना हाच प्रश्न विचारला गेला त्यांनी काय केलं. माझ्या लक्षात आलं ते असं की, त्यांच्यातल्या चांगल्यांनी बटण दाबायलाच नकार दिला आणि आपल्या घरातल्या वस्तू काढून समोर मांडल्या. एखाद्यानं साडी, एखादीनं मडकं, एखादीनं दाराची चौकट. आजचं माझं सगळं बोलणं याच्याच आजूबाजूला आहे.

हुसेनसाहेबांपासून सुरू करू, कारण ते आपल्या अगदी जवळचे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, पंढरपूरचा. ही गोष्ट मी पुण्यातल्या सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा ते थांबतात. पंढरपूर? हो, पंढरपूर. आई झैनब ते अगदी लहान असताना गेल्या. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. म्हणजे जगभर ज्याच्या रेषा ओळखल्या जातात त्या माणसाला स्वतःच्या आईचा चेहरा माहीत नव्हता. पुढे त्यांनी मदर तेरेसांवर चित्रांची मोठी मालिका केली. पांढरी साडी, निळा काठ, मांडीवर मूल, आणि जिथे चेहरा असायला हवा तिथे काळोखी पोकळी. ही आपल्या आईचीच शोधाशोध आहे, असं ते स्वतः सांगत. त्यांच्या चित्रांतल्या कासोटा घातलेल्या, नऊवारीतल्या बायका बघा. एखाद्या मुस्लिम चित्रकारानं ‘मुस्लिम बाई’ काढायची तर तिला काय नेसवायचं हे ठरलेलं असतं ना आपल्या डोक्यात? हुसेनना ते ठरवावंच लागलं नाही. ते ज्या मुलखात जन्मले तिथल्या बाया नऊवारी नेसत होत्या.

त्यांनी १९३०च्या दशकात मुंबईत सिनेमाची पोस्टरं, होर्डिंगं रंगवली. पुढे १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये गेले, ‘जमीन’ला राष्ट्रीय प्रदर्शनात पारितोषिक मिळालं, पद्म पुरस्कार मिळाले. राममनोहर लोहियांच्या सांगण्यावरून हैदराबादेत रामायण रंगवलं, महाभारतही रंगवलं. मग १९९६ मध्ये एका हिंदी मासिकानं त्यांची सत्तरच्या दशकातली रेखाटनं उकरून काढली. तक्रारी, खटले, १९९८ मध्ये मुंबईतल्या घरावर हल्ला. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ला दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी त्यांच्यावरचे खटले रद्द केले. तरी ते परतले नाहीत. २०१०मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ला लंडनमध्ये गेले. पंढरपूरचा माणूस इंग्लंडच्या मातीत दफन आहे.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते, कारण यात दोषी दुसरे आहेत. पुढचीही ऐका. २००४ साली त्यांचा ‘मीनाक्षी’ हा सिनेमा आला. त्यातल्या एका कव्वालीत ‘नूर उन अला नूर’ हे कुरआनातले शब्द आहेत म्हणून आक्षेप घेतला गेला, आणि तो आपल्याच संघटनांनी घेतला. हुसेननी सिनेमा चित्रपटगृहांतून काढून घेतला. त्या वेळी आपल्यातले किती जण त्यांच्या बाजूनं बोलले? दोन वर्षांनी ते देशाबाहेर गेले तेव्हा आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निबंध लिहिले, ही गोष्ट वेगळी. (हुसेनचं सगळंच थोर आहे असं माझं म्हणणं नाही. शेवटी शेवटी घोडे फार झाले. पण तो मुद्दा चित्रांचा आहे, नागरिकत्वाचा नाही.)

होर्डिंगांवरून आठवलं. माझे मामू पेंटर होते. चित्रकार नव्हे, पेंटर. शहरात नव्वदच्या दशकात तुम्ही कुठलंही दुकान बघितलं असतं, किराणा, पानटपरी, दवाखाना, तर त्याची पाटी आमच्या मोहल्ल्यातल्या कुणीतरी रंगवलेली असायची. एका हाती देवनागरी, उर्दू, इंग्रजी. मामू निवडणुकीत सगळ्या पक्षांच्या भिंती रंगवत. सकाळी एकाचं धनुष्य, दुपारी दुसऱ्याचा पंजा. गणेश मंडळाचा पडदाही रंगवत आणि मोहरमच्या सवारीचा झेंडाही. देवनागरीचा ‘श्री’ काढताना ते श्वास रोखून धरायचे आणि शेवटचा फराटा एका झटक्यात सोडायचे. मला मराठी अक्षर सुंदर असतं हे शाळेत कुणी शिकवलं नाही, मामूंच्या ब्रशनं शिकवलं. मग फ्लेक्स आला आणि पाचेक वर्षांत सगळं संपलं. मामूंनी नंतर घरांना डिस्टेंपर मारायची कामं घेतली. त्यांच्या एकाही पाटीचा फोटो आमच्याकडे नाही. ‘मुस्लिमांचा मराठीशी काय संबंध’ असं कुणी विचारलं की मला साहित्य संमेलन आठवण्याआधी त्या पाट्या आठवतात.

साहित्य संमेलनाचंही बोलू. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हापासून आपल्या लेखकांनी मोहल्ला, दखनी बोली, तलाक, गरिबी हे सगळं मराठी कथा-कवितेत आणलं. चित्रांमध्ये मात्र असा काही धागा आपण धरलाच नाही. नावं कमी आहेत म्हणून नव्हे. तय्यब मेहता, अकबर पदमसी, नसरीन मोहम्मदी, रुम्माना हुसेन, सगळे याच महाराष्ट्रात राहिले, इथेच काम केलं. आपण त्यांना लिलावातल्या किमतीमुळे ओळखतो, किंवा ओळखतच नाही.

तय्यब मेहतांचं उदाहरण थोडक्यात. १९४७, मोहम्मद अली रोड. दंगल चालू. तय्यब बाविशीचे. खिडकीतून त्यांनी खाली रस्त्यावर जमावानं एका माणसाला ठार मारताना बघितलं. ते दृश्य त्यांना आयुष्यभर सुटलं नाही. त्यांची कोसळणारी माणसं, पाय बांधलेला बैल, पुढे काली आणि महिषासुर, सगळीकडे तो एक देह मोडत असतो. १९७० मध्ये ‘कूडल’ नावाची छोटी फिल्म केली, तीत वांद्र्याचा कत्तलखाना आहे. त्यांची ती कोसळती आकृती कुठे छापलेली सापडली तर नीट बघा. तो माणूस हिंदू आहे की मुसलमान, हे चित्रात कुठेही दिसत नाही. आपल्या फोनवर रोज जे व्हिडिओ येतात त्यांत पहिल्या दोन सेकंदांत आपण तेच शोधतो. कपडे, टोपी, गळ्यातलं काय, पाठीमागची घोषणा कुठली. आणि मग ठरवतो दुःख करायचं की नाही.

आता रुम्माना हुसेन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते आपल्या पिढीनं पहिल्यांदा बघायला हवी ती हीच चित्रकार.

जन्म १९५२, बंगळूर. राजकारणात वजन असलेल्या, शिकलेल्या, सुखवस्तू घराण्यातल्या. ऐंशीच्या दशकात त्या कॅनव्हासवर तैलरंगात माणसांची, रूपकांची चित्रं काढत. म्हणजे रीतसर चित्रकार. मग डिसेंबर १९९२ आला, बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. त्या दिवसांत मुंबईत कितीतरी इमारतींच्या खालच्या बोर्डावरून मुस्लिम नावं उतरवली गेली. कधी शेजाऱ्यांनी काळजीपोटी उतरवली, कधी स्वतःच. रुम्मानांच्या कुटुंबालाही मुस्लिम नावामुळे काही काळ घर सोडून जावं लागलं. तोपर्यंत ज्या बाईनं स्वतःला आधी भारतीय, आधी चित्रकार मानलं, तिच्यासाठी ते गोल बटण दुसऱ्या कुणीतरी दाबलं.

इथे दोन सोपे रस्ते होते. एक, गप्प बसून पुन्हा फुलं आणि निसर्ग काढायचा. दुसरा, ‘हो, मी मुस्लिमच’ म्हणून मिनार, चांद, तस्बीह काढायची. रुम्मानांनी कॅनव्हासच बाजूला ठेवला. मातीची मडकी घेतली आणि अर्धी फोडली. अर्धं मडकं पालथं घातलं की घुमट दिसतो. उताणं ठेवलं की पोट, गर्भ. त्याखाली आरसा ठेवला की नसलेला अर्धा भाग पूर्ण दिसतो, पण हात लावायला गेलं की नाही. गेरू, नीळ, फुटकी खापरं, जमिनीवर मांडलेली. त्यांचं १९९४ मधलं ‘फ्रॅगमेंट्स/मल्टिपल्स’ हे प्रदर्शन अशा वस्तूंचं होतं. मशिदीचा घुमट कसा पाडला हे वर्तमानपत्रांत रकाने भरभरून आलं होतं. या बाईनं तो घुमट आपल्या सगळ्यांच्या घरातल्या रांजणाजवळ आणून ठेवला. गेरू तर तुळशीवृंदावनालाही लागतो आणि आपल्या जुन्या घरांच्या ओट्यालाही. त्यावर नाव कुणाचं लिहिणार?

१९९५ मध्ये मुंबईत एनसीपीएच्या आवारात त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ हा प्रयोग केला. पायात घुंगरू, हातात मधोमध कापलेली पपई, तोंड किंचाळण्यासाठी उघडलेलं आणि आवाज नाही. त्या चालत राहतात. मी याचे फक्त फोटो पाहिलेत, तेही स्क्रीनवर, आणि तेवढ्यानंही घशात काहीतरी अडकलं. पुढच्या वर्षी ‘होम/नेशन’, त्यात अयोध्येतल्या दारांचे, कमानींचे फोटो, उघडी तोंडं, कापलेल्या पपया शेजारीशेजारी. १९९७ मध्ये बेगम हजरत महलच्या कबरीवर काम केलं. १८५७ मध्ये लखनौत इंग्रजांशी लढलेली आणि नेपाळात, परक्या मातीत पुरली गेलेली राणी. १९९८चा ‘इज इट व्हॉट यू थिंक?’ हा प्रयोग तर आपल्या विषयाचा गाभाच. त्या बसून प्रश्न वाचत जातात. या बाईविषयी, तिच्या शरीराविषयी, पडद्याविषयी, श्रद्धेविषयी. प्रश्नावर प्रश्न. उत्तर एकाचंही नाही. एवढे दिवस जे प्रश्न त्यांना विचारले जात होते ते त्यांनी विचारणाऱ्याकडे वळवले.

तोपर्यंत त्यांना कॅन्सर झालेला होता. स्तनाचा. ते शरीरही त्यांनी कामातून वगळलं नाही. शेवटचं मोठं काम ‘अ स्पेस फॉर हीलिंग’, अर्धा दवाखाना, अर्धा दर्गा वाटावा अशी खोली, भिंतीवर गंजलेली अवजारं अशी लावलेली की लांबून उर्दू लिपी वाटावी. ते १९९९ मध्ये ब्रिस्बेनच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात मांडलं गेलं. त्याआधीच, जुलैमध्ये, त्या गेल्या होत्या. सत्तेचाळीस वर्षांच्या.

एक शंका तुमच्या मनात आली असेल, ती मीच बोलतो. ही सगळी मोठ्या घरची, इंग्रजी बोलणारी माणसं. गॅलऱ्या कुलाब्यात. आमच्या खुलताबादच्या, कन्नडच्या मुलीनं यात कुठे बसायचं? शंका रास्त आहे. गॅलरीच्या काचेच्या दारातून आत जाताना मलाही आजही चप्पल काढू का असं वाटतं. पण मडकं, पपई, गेरू, आरसा यांना पैसे लागत नाहीत, हेही त्यातच आहे.

दुसरी शंका जास्त गंभीर, आणि चहाच्या वेळी दोघांनी ती मला विचारलीच. चित्र काढणं, सजीवाची तस्वीर काढणं जायज आहे का? मी आलिम नाही, फतवा देणार नाही. हदीस आहेत, त्यांच्या अर्थाबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, आणि दुसरीकडे दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात माणसांची अप्रतिम चित्रं निघाली हाही इतिहास आहे. इथून चार-पाच किलोमीटरवर खुलताबादेत ज्यांची कबर आहे त्या मलिक अंबरचा चेहरा आपल्याला माहीत आहे तो अशाच चित्रांमुळे. बाकी ज्यांच्या फोनमध्ये दोन हजार सेल्फी आहेत त्यांनी हा प्रश्न जरा दमानं विचारावा. पण ज्यांना मनापासून चेहरा काढायचा नाही, त्यांच्यासाठी दोन नावं सांगतो. दोघींचा जन्म १९३७चा. दोघींनी जवळजवळ सगळं आयुष्य रेषेत काढलं.

पहिल्या झरीना हाश्मी, फक्त ‘झरीना’ नावानं ओळखल्या जातात. त्या महाराष्ट्राच्या नव्हेत, अलीगढच्या, पण इंजिनिअरांनो, तुमच्याआमच्या जवळच्या, कारण त्यांची पदवी गणिताची. फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे कराचीला गेले, त्या स्वतः लग्नानंतर देशोदेशी फिरल्या आणि शेवटी न्यूयॉर्कमध्ये राहिल्या. २०२०मध्ये लंडनमध्ये वारल्या. १९९९ मध्ये त्यांनी ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ ही छत्तीस लाकूडठशांची मालिका केली. प्रत्येक ठशाखाली एक उर्दू शब्द आहे. घर, चौखट, दरवाजा, अशी एकेक गोष्ट. वर दोन-चार काळ्या रेषा. दरवाजा म्हणजे एक फट, बस्स. अलीगढच्या घराचा जवळजवळ नकाशा आहे तो, डोक्यातून काढलेला. ‘डिव्हायडिंग लाइन’ नावाचा त्यांचा एक ठसा आहे २००१चा, त्यात काळी, वेडीवाकडी एकच रेघ. भारत-पाकिस्तान सीमा. एवढंच. माणूस नाही, झेंडा नाही, रक्त नाही. पण ज्यांचं घर त्या रेषेनं कापलं त्यांना ती रेघ बघवत नाही.

दुसऱ्या नसरीन मोहम्मदी. जन्म कराचीचा, वाढल्या मुंबईत, शिकवलं बडोद्यात, आणि शेवट अलिबागजवळच्या किहीमला, १९९० मध्ये. यांच्या चित्रांत तर शब्दही नाहीत. नुसत्या रेघा. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगला ज्यांनी रात्र रात्र शीट घासलीय त्यांना नसरीन पटकन कळतील. तोच ड्राफ्टरचा टेबल, तीच रोट्रिंगची पेनं. आपण त्यातून नट-बोल्टाचा आडवा छेद काढला, त्यांनी समुद्र काढला. हाताच्या हालचाली बिघडवणारा आजार जडला, तरी रेघ हलली नाही. त्यांच्या चित्रांत ‘मुस्लिम ओळख’ कुठे, असं मला एकानं विचारलं होतं. मी म्हटलं, का असायला हवी? मुस्लिम बाईनं काहीही केलं की त्यात तिचं मुस्लिमपण शोधायचं, हाही फॉर्मच आहे. नसरीननी तो रकाना रिकामा सोडला, आणि तो रिकामा सोडायचा हक्क आपल्याला आहे.

उलट टोकही बघितलंय मी. बुरखा, जाळी, निळी टाइल, अरबी अक्षर, सगळं एका कॅनव्हासवर, आणि खाली ‘ओळखीचा शोध’ असं कार्ड. परदेशी प्रदर्शनांत हे चालतं. मला त्याचा कंटाळा येतो. ज्याच्याकडे सांगायला काही नसतं तो कपडे दाखवतो.

हा प्रश्न फक्त आपला नाही, हेही विसरू नका. नागपूरचे सवी सावरकर, त्यांच्या ठशांमध्ये गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधलेला माणूस येतो. जे चिन्ह अपमानासाठी लादलं होतं ते त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या रेषेत पुन्हा काढलं, आणि आता बघणाऱ्याला मान खाली घालावी लागते. मुंबईच्या शिल्पा गुप्ता, जेजेच्या. गुजरात २००२ नंतरच्या काळात त्यांनी ‘ब्लेम’ नावाचं काम केलं. लाल द्रवाच्या छोट्या बाटल्या, वर औषधासारखं लेबल, दुसऱ्यावर दोष ढकलला की किती बरं वाटतं अशा आशयाचं. त्या बाटल्या घेऊन त्या लोकल ट्रेनमध्ये लोकांमध्ये गेल्या. आणखी एक काम आहे त्यांचं, आडनाव बदललेल्या शंभर जणांच्या गोष्टींचं. कुणी जात लपवायला बदललं, कुणी धर्मामुळे, कुणी सीमा ओलांडताना. प्रत्येक फोटो मधोमध कापून दोन चौकटींत लावलेला, दोन अर्धे एकमेकांपासून थोडे सरकलेले.

ते सरकलेले अर्धे बघितले तेव्हा मला माझं एक काम आठवलं. २०२३मध्ये आपल्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी बदललं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्यांची यादी असते, ती सुधारायचं काम फिरत फिरत माझ्याच नावावर आलं. एका ओळीचा बदल. अर्ध्या मिनिटाचं काम. सकाळी दहाला आलं होतं, मी ते संध्याकाळी केलं. मधल्या वेळात काय करत होतो, सांगता येणार नाही. काम बरोबर केलं, चाचणी केली, बंद केलं. अम्मी अजून फोनवर जुनंच नाव घेते, शेजारच्या काकू नवं घेतात, आणि दोघी एकाच रिक्षानं बाजारात जातात.

आता आपण जिथे बसलोय त्या वेरूळबद्दल. इथले कितीतरी गाइड, रिक्षावाले, दुकानदार आपलेच. तरीही लेण्यांत फिरताना एखादा पाहुणा विचारतोच, तुमचं काय इथे? आणि आपल्यातलाही एखादा म्हणतो, आपलं काय इथे, बुतखाना तो है. दोघांनाही मी एक माहिती देतो. वेरूळ आणि अजिंठा दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९१०-११च्या हिवाळ्यात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकार अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आली. मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार आले होते, हे पुस्तकांत सगळीकडे असतं. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मोहम्मद फझलुद्दीन आले होते, हे कमी लोकांना माहीत असतं. कंदिलाच्या, आरशांच्या उजेडात त्यांनी बोधिसत्त्वाची बोटं न् बोटं उतरवून घेतली. हे काम संपल्यावरही सय्यद अहमदांनी अजिंठा सोडला नाही, ते पुढे तिथले क्युरेटर झाले आणि वर्षानुवर्षं नकला करत राहिले. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते गुलाम याझदानी. त्यांचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. भिंतीवरचा रंग दर वर्षी थोडा झडतो. जे झडून गेलंय त्यातलं काही आज सय्यद अहमदांच्या कागदावर शिल्लक आहे. पाच वेळा नमाज पढणारा माणूस जातककथा वाचवत बसला होता, असं मोठ्यानं म्हणायचा मोह होतो मला. पण ते किती वेळा नमाज पढत हे मला ठाऊक नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांना चित्र काढता येत होतं, आणि ते चित्र टिकावं असं वाटत होतं.

उद्या लेणी उघडली की सोळा नंबरमध्ये हत्ती आणि रावण बघून लगेच बाहेर येऊ नका. वर छताकडे बघा. काही ठिकाणी गिलावा आणि रंग अजून आहे. जुने लोक कैलासाला रंगमहाल म्हणायचे ते त्यामुळे. आज आपल्याला काळा दगड म्हणजेच वेरूळ वाटतं, पण तो एके काळी रंगवलेला होता.

आता दुपारचं काम. चार वाजेपर्यंत प्रत्येकानं आपल्या घरातल्या एका वस्तूचं चित्र काढायचं किंवा फोनमध्ये असलेला फोटो शोधायचा. तस्बीह, कुरआनचं रेहल, काबाचं कॅलेंडर चालणार नाही. वाईट आहे म्हणून नाही, सगळे तेच आणतील म्हणून. दुसरं काहीतरी. दादीचा पानदान, अब्बांचा मापारी टेप, हिमरूचा जुना तुकडा, शेजाऱ्यांकडून दिवाळीत आलेला आणि परत न गेलेला डबा. खाली दोन ओळी लिहायच्या, घरात ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत. दखनी असेल तर दखनी, व्याकरण कुणी तपासणार नाही. आणि ज्यांना वाटतंय की आपल्या घरात दाखवण्यासारखं काहीच नाही, त्यांनी जेवणाआधी अम्मीला फोन करा. नेटवर्क गच्चीवर मिळतं.